सेनारच्या बाजारातला भाव

तस्नीमची शिष्यवृत्ती थांबवल्याचं पत्र आलं, तेव्हा हेमलता वाघचौरे तिच्याच प्रबंधाचं चौथं प्रकरण तपासत बसली होती. जुलैतला मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. तस्नीम दारात आली, पण नेहमीसारखं "येऊ का मॅडम" म्हणाली नाही. सरळ टेबलापाशी येऊन तिने फोन पुढे केला.

पत्र चार ओळींचं होतं. आपल्या मायदेशाचा चाहूल-निर्देशांक सलग तीन आठवडे सत्तरच्या वर राहिल्यामुळे नियम अकराप्रमाणे आपली शिष्यवृत्ती आजपासून स्थगित करण्यात येत आहे. तीस दिवसांत निर्देशांक सलग तीन शुक्रवार सत्तरच्या खाली न आल्यास विद्यापीठातली नोंदणी रद्द होईल आणि नोंदणीबरोबर व्हिसाही संपेल. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.

'चाहूल' हा शब्द हेमलताने दोनदा वाचला. हे नाव तिनेच ठेवलं होतं.

तस्नीम अब्दुलगादिर सुदानची, निळ्या नाईलच्या काठावरच्या सेनार शहरातली. पाच वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत तिने गावाचं नाव सांगितलं, ते हेमलताला नाशिकजवळचं सिन्नर वाटलं होतं आणि "एसटीने आलीस का?" असं ती विचारून बसली होती. त्यावरून दोघी अजून हसत असत. वडील लहानपणीच गेलेले. आई सेनारला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. पुण्यात कोंढव्याच्या एका खोलीत राहून, भाजीवाल्यांशी घासाघीस करत तस्नीम मराठी शिकली होती. प्रबंध सादर करायला आता चारच महिने उरले होते.

"बाकीच्यांना पण आलंय," ती म्हणाली. "विद्यापीठात आम्ही सुदानचे अकरा आहोत. अकरांनाही."

हेमलताने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. आपण यातून काहीतरी मार्ग काढू, असंही म्हणाली. पण ते म्हणताना तिला तस्नीमच्या डोळ्यांकडे बघवेना.

हेमलताचे वडील अकोले तालुक्यात तलाठी होते. दरवर्षी पिकं उभी राहिली की ते शेतात चौकोन आखायचे, त्यातलं धान्य कापून मोजायचे आणि आणेवारी लिहायचे. पन्नास पैशांच्या खाली आकडा आला की दुष्काळ जाहीर व्हायचा, पाण्याचे टँकर यायचे, फी माफ व्हायची. एका माणसाच्या वहीतल्या आकड्यावर अख्ख्या गावाचं वर्ष ठरतं, हे हेमलताने लहानपणीच पाहिलं होतं. पुढे उपग्रहांच्या प्रतिमांवर काम करताना तिच्या मनात आलं की हीच आणेवारी आभाळातून काढता आली तर? आणि पिकाबरोबर माणसांच्या भांडणाचीही काढता आली तर?

'चाहूल' त्यातून जन्मली. युद्ध पेटण्याआधी दोन-तीन महिने त्याच्या खुणा दिसू लागतात. रात्री गावांतले दिवे कमी होतात. बाजारात धान्याचे ट्रक यायचे थांबतात. कोवळी पिकं सोडून माणसं रस्त्याला लागतात. ज्वारीचा भाव अकारण चढतो. यातली कुठलीही एक खूण फारसं काही सांगत नाही. पण गेल्या चाळीस वर्षांतल्या दीडशे संघर्षांच्या नोंदी यंत्राला शिकवल्या, तेव्हा या खुणा एकत्र कशा येतात ते त्याला उमगलं. लढाई का होणार हे त्याला ठाऊक नसे. मुंग्या अंडी हलवू लागल्या की पाऊस येतो एवढंच आपल्याला कळतं, तसं. प्रत्येक प्रांताला ते शून्य ते शंभरमध्ये एक आकडा देई, आणि सगळ्यात वाईट प्रांताचा आकडा तो देशाचा आकडा धरला जाई. सत्तरच्या वर गेला की मदतसंस्थांनी धान्य रवाना करायचं. लढाई पेटायच्या आधी अन्न पोचलं तर कित्येकदा लढाईच टळते. हेमलताला एवढंच हवं होतं.

पहिली चार वर्षं तेवढंच झालं. मग विमा कंपन्यांनी हा आकडा वापरायला घेतला, मग विमान कंपन्यांनी, मग बँकांनी. तस्नीमला शिष्यवृत्ती देणारा निधीही त्यातलाच. फीचा अर्धा भाग तो देई आणि अर्धा सुदानचं सरकार. लढाई पेटली की सरकारी अर्धा भाग बुडतो, तेव्हा बुडण्याआधीच हात काढून घ्यावा, असा तो नियम अकरा होता. हेमलता काम करत असलेल्या, विद्यापीठातल्या संशोधनसंस्थेचे संचालक डॉ. बोरवणकर यांनी या सगळ्यांशी करार केले होते आणि त्या करारांवर संस्थेची नवी इमारत उभी राहिली होती.

त्या दुपारी हेमलता त्यांच्याकडे गेली. बोरवणकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हळहळ व्यक्त केली, आणि नियम त्यांच्या हातात नाही असं सांगितलं. विद्यापीठ फी माफ करणार नाही, एका देशाला केली तर दहा देश रांगेत उभे राहतील. आकडा उतरण्याची वाट बघा, असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

त्या आठवड्यात सुदानचा आकडा चौऱ्याहत्तर होता.

पहिल्या शुक्रवारी बारा वाजता नवा आकडा लागला. एकोणसत्तर.

तस्नीमने पळत येऊन तो हेमलताला सांगितला, जणू हेमलताला तो आधी कळला नसेल. पुढच्या शुक्रवारी सहासष्ट झाला. सेनार प्रांतात ज्वारीचा भाव उतरला होता, त्यामुळे आकडा उतरला होता. आता एकच शुक्रवार राहिला. त्या सोमवारी तस्नीम डब्यात किसरा घेऊन आली. ज्वारीचं पीठ आंबवून घावनासारखी पातळ भाकरी करतात, ती. दोघींनी ती प्रयोगशाळेतच बसून खाल्ली. तस्नीम कितीतरी दिवसांनी मोकळेपणी बोलत होती. चौथ्या प्रकरणातल्या आकृत्या पुन्हा काढायच्या आहेत, म्हणाली.

तेच चौथं प्रकरण मंगळवारी हेमलताने पुन्हा उघडलं.

त्या प्रकरणात तस्नीमने स्वतः उभारलेल्या निरीक्षकांच्या जाळ्याची माहिती होती. उपग्रहाला बाजाराची छपरं दिसतात, पण छपराखाली काय भाव चाललाय ते दिसत नाही. म्हणून तिने सुदानभर चाळीस माणसं नेमली होती. दर गुरुवारी बाजारात जायचं, ज्वारीच्या पोत्याचा भाव विचारायचा आणि फोनवरून कळवायचा. दोन वर्षांपूर्वी हे भाव 'चाहूल'मध्ये घेतले आणि यंत्राचा अंदाज एकदम सुधारला. त्यातही पावसाळ्याचे तीन महिने आभाळ ढगांनी भरलेलं असतं, नेहमीच्या प्रतिमा मिळत नाहीत. मग यंत्र माणसांच्या शब्दावर जास्त भिस्त ठेवतं.

ढगांतून पार दिसतं ते फक्त रडारला. त्या प्रतिमा पुसट असतात, यंत्र त्यांना फारशी किंमत देत नाही. हेमलताने त्या हाताने उघडल्या. सेनारच्या धान्यबाजारामागच्या मैदानात मे महिन्यात साठ-सत्तर ट्रक दिसत होते. गेल्या गुरुवारी अकरा.

ट्रक अकरावर आले आणि भाव उतरला. असं कुठल्या बाजारात होतं? माल आटला की भाव चढतो, हे भाजी विकणाऱ्या पोरालाही कळतं. तिने इतर प्रांत बघितले. सगळीकडे ट्रक कमी होते आणि भाव चढत होते. सेनारमधल्या फक्त सहा बाजारांत भाव उतरत होता, आणि तोही पत्र आल्याच्या आठवड्यापासून.

सेनारमधला निरीक्षक क्रमांक तीन म्हणजे तस्नीमची आई, हे हेमलताला ठाऊक होतं.

तिने खिडकी उघडली, पुन्हा लावली. मग तस्नीमला बोलावलं आणि दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. तस्नीमने दोन्हींवरच्या तारखा बोटाने जुळवून पाहिल्या. तिच्या चेहऱ्यावरून हेमलताला एवढं नक्की कळलं की तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"आईला फोन लावते," तस्नीम म्हणाली. "तुमच्यासमोर."

फोनमध्ये भाषांतराची सोय होती. पलीकडचं अरबी बोलणं एका यांत्रिक आवाजात मराठी होऊन येई. सुरुवातीला तब्येत, पाऊस, शेजारीण. मग तस्नीमने भावाचं विचारलं. त्यानंतर तो यांत्रिक आवाज, रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखा, म्हणाला की होय, भाव मी कमी सांगितला, आणि बाकीच्या पाचांनाही मीच सांगायला लावलं. तस्नीमने ते भाषांतर झटकन बंद केलं. आईचं बोलणं यंत्राच्या तोंडून तिला ऐकवेना. पुढचं तिने स्वतः सांगितलं, खाली मान घालून, एकेक वाक्य थांबून.

"ती म्हणते, अठ्ठावीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं. एकही आकडा खोटा लिहिला नाही. हे दोन लिहिले. तिसरा परवा लिहीन. त्याचा जाब देवाला मी देईन, त्यात उस्ताझांनी पडू नये."

उस्ताझा म्हणजे शिक्षिका, म्हणजे हेमलता.

तस्नीमने फोन ठेवला. परवा गुरुवार, तेरवा शुक्रवार. सेनारचा भाव आणखी एकदाच कमी आला की आकडा तिसऱ्यांदा सत्तरच्या खाली राहणार होता, स्थगिती आपोआप उठणार होती, अकराच्या अकरा मुलं वर्गात परत येणार होती. कुणाला काही करायचंसुद्धा नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"एकच शुक्रवार, मॅडम," तस्नीम म्हणाली.

पण त्याच शुक्रवारी दुपारी तीन वाजता मदतसंस्थांच्या संघाची बैठक होती. गुजरातच्या किनाऱ्यावर ज्वारी आणि डाळ भरलेलं जहाज उभं होतं. सुदानचा आकडा सत्तरच्या वर असला तर ते पोर्ट सुदानला जाणार, खाली असला तर सुदान या फेरीतून वगळलं जाणार. पुढची फेरी ऑक्टोबरात. पोर्ट सुदानहून गदारिफ शहरापर्यंत पक्की सडक आहे, पण तिथून सेनारच्या खेड्यांकडे जाणारे रस्ते काळ्या मातीचे. ऑगस्ट सरता सरता त्यांवरून ट्रक जाऊ शकत नाही. म्हणजे आता निघालेलं धान्य पोचलं असतं, ऑक्टोबरातलं पोचेपर्यंत उशीर झाला असता.

हे तस्नीमलाही ठाऊक होतं. तिच्याच प्रबंधात त्या रस्त्यांचा नकाशा होता.

हेमलता म्हणाली की खोटा आहे हे माहीत असताना हा आकडा मी लावू शकणार नाही. बोलताना तिचा आवाज तिला स्वतःलाच कोरडा, कचेरीतल्यासारखा वाटला.

तस्नीम उठून उभी राहिली. पाच वर्षांत ती हेमलताशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, आताही बोलली नाही.

"तुमचं यंत्र म्हणतं, माझ्या घरी धोका आहे. म्हणून मला इथून काढायचं. काढून पाठवायचं कुठे? त्याच घरी. हे तुमचं खरं. मग माझ्या आईचं खोटं याच्याहून वाईट कसं, ते मला समजावून सांगा."

तस्नीमने ओढणी सावरली आणि ती निघून गेली. किसऱ्याचा कालचा डबा टेबलावरच राहिला.

बुधवारी ती आली नाही. फोनही उचलला नाही. हेमलता दिवसभर खोलीत बसून राहिली, आणि तिला वडील आठवत राहिले. तिला डॉक्टरेट मिळाली त्या संध्याकाळी त्यांनी एकदाच सांगितलं होतं. एका वर्षी शिवारातला खरा आकडा एक्केचाळीस पैसे आला होता. वरून शब्द आला की तालुक्यात दुष्काळ नको आहे. धाकटीचं लग्न ठरलेलं, बदलीची टांगती तलवार. त्यांनी बावन्न लिहिले. त्या उन्हाळ्यात गावाला टँकर आला नाही. गावातलं कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. वडील म्हणाले होते, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यांनी भिऊन लिहिलं होतं. तस्नीमच्या आईने लेकीसाठी लिहिलं. पण टँकर न येणं दोन्हीकडे सारखंच होतं.

आणि तरीही हेमलताचं मन दिवसभर दोन्हीकडे हेलकावत होतं. सेनारचे सहा बाजार यंत्रातून वगळायला एक कळ पुरे होती. ती कळ दाबण्याचा अधिकार फक्त तिला होता. न दाबण्याचाही. संध्याकाळी घरी जाताना तिने ठरवलं की दाबायची. पण तस्नीमच्या पाठीमागे नाही, आधी तिला सांगायचं. मग वाटलं, हा आपला भित्रेपणाच आहे. ओझं आपण त्या पोरीच्या खांद्यावर टाकतोय.

गुरुवारी दुपारी चार वाजता तस्नीम आली. डोळे सुजलेले. तिने एक वही टेबलावर ठेवली.

तिने दोन दिवस सेनारमधल्या बाकीच्या पाच निरीक्षकांना एकेक करून फोन लावले होते. चौघांनी उडवून लावलं. पाचवे सालिह चाचा, बाजारात पोती तोलणारे म्हातारे, रडले. पोत्याचा खरा भाव तीन आठवड्यांत दुप्पट झालाय, म्हणाले. पोती आहेत कुठे तोलायला, म्हणाले. मग त्यांनी न विचारताच आणखी एक गोष्ट सांगितली. तुझी आई दोन आठवड्यांपासून एकवेळ जेवते. घरातली ज्वारी तिने शाळेतल्या मुलींना दिली.

"मला म्हणाली होती, पोट बरं नाही," तस्नीम म्हणाली. "उतरलेला भाव सांगायची आणि चढलेल्या भावाने विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून उपाशी राहायची. मॅडम, माझ्यासाठी."

मग चौघांना तिने पुन्हा फोन केले होते. आता त्या वहीत सहाही बाजारांचे तीन आठवड्यांचे खरे भाव होते, तारखेवार. आईचेही. ते आईने दिले नव्हते, सालिह चाचांनी दिले होते. आईने तस्नीमचं बोलणं ऐकून घेतलं होतं, आणि तुला काय वाटेल ते कर, असं म्हणून फोन ठेवला होता.

"भरा तुम्ही," तस्नीम म्हणाली. "नाही, थांबा. मी भरते. माझी माणसं आहेत."

ती हेमलताच्या खुर्चीवर बसली आणि एकेक आकडा भरत गेली. हेमलता शेजारी उभी राहून वाचून दाखवत होती. अठरा आकडे. सोडवलेलं गणित फळ्यावर लिहावं तशी तस्नीम ते लिहीत होती. शेवटचा भरून झाल्यावर तिने हेमलताच्या हातून वही घेतली आणि मिटली.

शुक्रवारी बारा वाजता सुदानचा आकडा लागला. एक्क्याऐंशी.

आकड्याखाली हेमलताने पाच ओळी जोडल्या होत्या. मागचे दोन आकडे चुकीचे होते, ते दुरुस्त केले आहेत. चुकीची जबाबदारी माझी. आणि हा आकडा अन्न आणि माणसं वेळेवर हलवण्यासाठी काढला जातो. ज्या संस्था तो माणसांना दाराबाहेर काढण्यासाठी वापरतात, त्यांनी तो वापरू नये असं हे यंत्र बनवणारी व्यक्ती म्हणून माझं मत आहे.

दोन वाजता बोरवणकरांनी बोलावलं. एवढं चिडलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुरुस्ती जाहीर करून तिने यंत्राच्या विश्वासार्हतेलाच सुरुंग लावला होता, आणि वर करार केलेल्या संस्थांना उपदेश. सोमवारी 'चाहूल'चं काम दुसऱ्याकडे गेलं. हेमलताला तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली, तिथे पूर्वी जुने नकाशे ठेवत.

जहाज मात्र त्याच रविवारी सुटलं.

अकरापैकी नऊ मुलांनी पुढच्या पंधरा दिवसांत पुणं सोडलं. कुणी कैरोला नातेवाइकांकडे, कुणी नैरोबीला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा हेमलताला भेटायला आला. तो तिला काही वाईट बोलला नाही. तुम्ही खरं बोललात म्हणून माझी पदवी गेली, एवढंच म्हणाला, आणि हात जोडून निघून गेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हेमलताने पुढे कधीही ही गोष्ट सांगताना हा मुलगा गाळला नाही.

तस्नीमला मदतसंस्थांच्या संघाने काम देऊ केलं. धान्य कुठल्या गावाला किती आणि कुठल्या रस्त्याने, हे ठरवायला बाजार ओळखणारं माणूस त्यांना हवंच होतं. काम पोर्ट सुदानच्या गोदामात होतं. ती हो म्हणाली. निघताना तिने हेमलताचा निरोप नीट घेतला, पण पूर्वीसारखा गळ्यात पडून नाही. टॅक्सीत बसता बसता म्हणाली, "आई माझ्याशी बोलत नाही, मॅडम. तिला वाटतं, मी तिला चोर ठरवलं."

ट्रक सेनारला पोचले ते ऑगस्टच्या तेवीस तारखेला. रस्ते बंद व्हायला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. त्या धान्याने लढाई टळली नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेनारच्या उत्तरेला तोफा सुरू झाल्या, आणि फोनचे मनोरे पडले. यंत्राचा अंदाज खरा ठरला म्हणून संस्थेत कुणीतरी पेढे वाटायला आलं. हेमलता उठून बाहेर गेली.

बारा दिवस तस्नीमला आईची काही खबर नव्हती. त्या बारा दिवसांत तिने हेमलताला एकदाच लिहिलं, फक्त गोदामातल्या पोत्यांची मोजणी. तेराव्या दिवशी गदारिफच्या छावणीतून निरोप आला. सेनारहून चालत आलेल्या एका जथ्यात शाळेच्या एकोणतीस मुली होत्या आणि त्यांची मुख्याध्यापिका. सहा दिवसांची वाट त्यांनी ऑगस्टात आलेल्या धान्यातली गाठोडं-गाठोडं ज्वारी पाठीवर घेऊन काढली होती. छावणीतल्या नोंदवहीत नावं लिहिणाऱ्याला बाईंनी मुलींची हजेरी तोंडपाठ म्हणून दाखवली होती.

इकडे हेमलताने तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा वेळ सत्कारणी लावला. विद्यापीठाच्या प्रत्येक समितीचं दार तिने ठोठावलं. सात-आठ महिने खेटे घालून तिने एका ओळीचा नियम करून घेतला: मायदेशातल्या संघर्षामुळे ज्याची नोंदणी तुटली, त्याला दोन वर्षांत परदेशातून प्रबंध सादर करता येईल. निधीचा नियम अकरा तसाच राहिला. पण या एका ओळीवर तस्नीमचा प्रबंध आला. चार प्रकरणांऐवजी सहा होती. सहाव्याचा विषय होता, ज्या आकड्याने आपलं आयुष्य बदलतं तो आकडा सांगणारा माणूस खोटं का सांगतो, आणि ते ओळखायचं कसं.

मौखिक परीक्षा पुढच्या वर्षी सप्टेंबरात झाली, सकाळी अकरा वाजता, पडद्यावर. इकडे हेमलता आणि बाहेरून आलेले परीक्षक, मराठवाड्यातले एक वयस्कर शेतीअर्थतज्ज्ञ. तिकडे पोर्ट सुदानचं गोदाम, मागे छतापर्यंत रचलेली पोती, आणि पांढऱ्या ओढणीतली तस्नीम. ती बारीक झाली होती. उत्तरं मात्र ठणठणीत देत होती.

तासाभराने परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सहाव्या प्रकरणातला निरीक्षक क्रमांक तीन," ते म्हणाले. "याने जाणूनबुजून खोटे भाव कळवले, इतरांनाही कळवायला लावले. पण परिशिष्टात बघतो तर यंदाच्या नोंदींतही हाच निरीक्षक आहे, नुसता बाजार बदललाय, सेनारऐवजी पोर्ट सुदान. याला तुम्ही काढून का टाकलं नाही?"

तस्नीमने बाजूला बघितलं. पडद्याच्या कडेला आधी एक हात दिसला, मग एक उंच, वाळकी बाई पोत्यावरून उठून पुढे आली. सगळ्या अंगाला गुंडाळलेलं निळं वस्त्र, नाकावर चष्मा. तिने मुलीला अरबीत काहीतरी विचारलं. काय विचारताहेत, असं असावं. तस्नीमने प्रश्न सांगितला, एक शब्दही न वगळता. बाईंनी तो ऐकला, वर्गात उत्तर द्यायला उभं राहावं तशा त्या कॅमेऱ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या, आणि बोलल्या.

"सर, निरीक्षक क्रमांक तीन माझी आई आहे," तस्नीम म्हणाली. "ती म्हणते, काढायलाच हवं होतं. पण मुलीने काढलं नाही. अजून दर गुरुवारी मीच बाजारात जाते आणि खरा भाव सांगते. आणि माझ्या मागून तासाभराने मुलगी दुसऱ्या माणसाला पाठवते, तोच भाव पुन्हा विचारायला. तिला वाटतं, मला हे ठाऊक नाही."

परीक्षकांनी हेमलताकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"तुम्ही खरंच पाठवता?" त्यांनी विचारलं.

"पाठवते," तस्नीम म्हणाली. "प्रत्येक गुरुवारी."

बाईंना मराठी कळत नव्हतं, पण ते उत्तर त्यांना कळलं. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून घसरलेली ओढणी नीट केली आणि त्या पुन्हा पोत्यावर जाऊन बसल्या.